अकाउंटंट गेले, पासवर्डची डायरी राहिली: सुरुवात कुठून करू?

उद्यमनगर_ऑफिस यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं जॉबवर्कचं मशीन शॉप आहे, भागीदारी फर्म. ऑफिस मी बघते. इतकी वर्षं हिशेब सांभाळणारे अकाउंटंट आता काम सोडून गेलेत. वाद काही नाही, फोन केला तर सांगतात. पण सगळी लॉगिनं त्यांनीच काढलेली, आणि तो पसारा आता माझ्या टेबलावर आहे.

एक लाल डायरी आहे, जीएसटी आलं तेव्हापासूनची, म्हणजे २०१७ पासूनची. पानापानावर खोडाखोड. डेस्कटॉपवर ‘पासवर्ड न्यू फायनल’ नावाची एक्सेल आहे, ती डायरीशी जुळत नाही. क्रोममध्ये साठवलेले आहेत ते तिसरेच. त्यात जीएसटी, ई-वे बिल, आयकर, पीएफ, महावितरण, करंट अकाउंटचं नेट बँकिंग, दोन जीमेल, फर्मच्या नावाच्या डोमेनवरचा एक मेल (आता वापरत नाही), टॅली, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि वायफाय एवढं सगळं येतं. बहुतेक ठिकाणी पासवर्ड एकच, शेवटी फक्त वर्ष बदललेलं. काही ठिकाणी नोंदवलेला मोबाइल निवृत्त झालेल्या भागीदारांचा आहे, आणि तो नंबर बंद आहे.

एका दिवसात सगळे बदलून टाकू का, की काही क्रम असतो? जी खाती वापरात नाहीत ती तशीच राहू दिली तर चालतील का? दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला असं ऑडिटवाले सांगतात, ते खरंच गरजेचं आहे का? आणि डायरी नको तर लिहायचं कुठे?

---

कुलूपकिल्ली

ताई, डायरी तूर्त मिटून ठेवा. पासवर्डच्या आधी मोबाइल नंबर आणि मेल बघायचे. कारण साधं आहे: कुठल्याही पोर्टलवर ‘फरगॉट पासवर्ड’ दाबलं की ओटीपी नाहीतर लिंक या दोन ठिकाणीच जाते. तुम्ही वीस अक्षरांचा पासवर्ड ठेवलात आणि ओटीपी भलत्याच्याच फोनवर जात असेल, तर तो पासवर्ड असून नसल्यासारखा.

म्हणून आधी एक कागद घ्या आणि प्रत्येक लॉगिनपुढे एवढंच लिहा: नोंदवलेला मोबाइल कुणाचा, मेल कुठला, आज कुणाकुणाला माहीत आहे, शेवटचं कधी उघडलं. या कागदावर पासवर्ड लिहू नका. हा कागद भरता भरताच निम्मं दुखणं दिसून येईल.

बंद नंबरवाली खाती सगळ्यात वर घ्या. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर तो नव्या ग्राहकाला जाऊ शकतो. त्या माणसाने काही वाईट करायची गरजच नाही. त्याला तुमच्या फर्मचे ओटीपी आपसूक येत राहतात. नंबर नुकताच बंद झाला असेल तर ज्यांच्या नावावर सिम होतं त्यांना आधार घेऊन मोबाइल कंपनीच्या गॅलरीत पाठवा, परत चालू होतो का विचारा. परत मिळाला तर बाकीची कामं ओटीपीवर पटापट होतील. दुसऱ्याला गेला असेल तर त्याला फोन करून ओटीपी मागत बसू नका. ऑफिसचा मार्ग धरा, तो खाली कुणीतरी सांगेलच. ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. प्रत्येक भागीदाराने आपापलं बघून घ्यावं. फर्मच्या कामाचं सिम एखाद्या कामगाराच्या नावावर निघणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे.

आता जीमेल. इथे नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, आणि लोक नेमके इथेच थांबतात. पासवर्ड बदलला की बहुतेक उपकरणांवरून लॉगआउट होतं, पण चार गोष्टी जिथल्या तिथे राहू शकतात. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप’ उघडा, मेलची नक्कल दुसऱ्या पत्त्यावर जात असेल तर ती पासवर्ड बदलला तरी जातच राहते. शेजारी ‘फिल्टर्स’ बघा, तिथूनही ठरावीक मेल बाहेर पाठवता येतात. ‘अकाउंट्स अँड इंपोर्ट’मध्ये ‘ग्रँट ॲक्सेस टू युअर अकाउंट’ असतं, तिथे दुसऱ्या कुणाचा पत्ता असेल तर तो माणूस स्वतःच्या पासवर्डने तुमचा इनबॉक्स वाचू शकतो. आणि गुगल अकाउंटच्या ‘सिक्युरिटी’ पानावर बाहेरच्या ॲप्सना दिलेली परवानगी बघा. हे चारही साफ करून मगच पासवर्ड बदला.

रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी मेल त्याच दिवशी बदला, पण त्याच दिवशी निर्धास्त होऊ नका. बदल केल्यावरही गुगल सात दिवसांपर्यंत जुन्या नंबरवर किंवा जुन्या मेलवर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. हे मालकाच्या सोयीसाठी ठेवलंय, त्याने हबकू नका. फक्त त्या आठवड्यात इनबॉक्सवर लक्ष असू द्या.

दुसरं जीमेल पडून असेल तर ठरवा, ठेवायचं की नाही. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गुगल काढून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून ते सुरू झालंय. त्या मेलवर एखादं पोर्टल अडकलेलं असेल तर आधी ते सोडवून घ्या.

डोमेनचा मेल मात्र जास्त घातक आहे. जीमेलचा पत्ता गेला तर तो दुसऱ्या कुणाला मिळत नाही. डोमेनचं तसं नाही. नूतनीकरण चुकलं की काही काळाने ते नाव बाजारात येतं, आणि विकत घेणारा त्यावर हवा तो मेल बॉक्स उघडून तुमच्या जुन्या पत्त्यावरचे सगळे मेल घेऊ शकतो, पासवर्ड रिसेटच्या लिंकसकट. त्यामुळे ‘वापरत नाही म्हणून पैसे भरले नाहीत’ असं करू नका. आधी प्रत्येक पोर्टलवरचा तो मेल बदला, मग एखादं वर्ष नुसतं डोमेन धरून ठेवा, कुठून काय येतंय ते बघा, आणि मगच सोडा. डोमेन वेबसाइटवाल्याच्या नावावर काढलंय का तेही तपासा. बहुतेक वेळा तसंच निघतं.

---

कर_सल्ला_लक्ष्मीपुरी

वरच्या क्रमाशी सहमत. मी फक्त सरकारी पोर्टलांचं सांगतो, कारण प्रत्येकाची खोड वेगळी.

जीएसटीला नोंदवलेला मोबाइल आणि मेल हा ‘प्रायमरी ऑथोराइज्ड सिग्नेटरी’चा, म्हणजे फर्मच्या वतीने सही करणाऱ्या मुख्य माणसाचा असतो. लॉगिन चालू असेल तर ‘सर्व्हिसेस’, ‘रजिस्ट्रेशन’, मग ‘अमेंडमेंट ऑफ रजिस्ट्रेशन नॉन-कोअर फील्ड्स’ असं जा. ‘ऑथोराइज्ड सिग्नेटरी’ टॅबमध्ये चालू भागीदार प्रायमरी म्हणून घ्या, नव्या नंबरवर आणि मेलवर ओटीपीने खात्री करा, आणि सही करून सादर करा. नॉन-कोअर बदलाला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. निवृत्त भागीदाराचं नाव काढणं मात्र कोअर बदलात येतं, त्याला मंजुरी लागते आणि निवृत्तीचा करारनामाही जोडावा लागतो. या दोन्हींची गल्लत करू नका, नाहीतर मोबाइल बदलायचा अर्ज उगाच अडकून पडेल.

लॉगिनच उघडत नसेल आणि ओटीपी बंद नंबरवर जात असेल तर तुमच्या हद्दीच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. हद्द राज्याची की केंद्राची ते पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये जीएसटी नंबर टाकून दिसतं. बरोबर भागीदारी करारपत्र, सर्व भागीदारांच्या सहीचं अधिकारपत्र, पॅन, आधार न्या. अधिकारी कागद तपासून नवा मेल आणि मोबाइल टाकतो, मग त्या मेलवर युजरनेम आणि तात्पुरता पासवर्ड येतो, आणि ‘फर्स्ट टाइम लॉगिन’मधून आत जायचं.

ई-वे बिलाचं लॉगिन वेगळं असतं. जीएसटीचा पासवर्ड बदलला तरी ई-वेचा जुनाच चालू राहतो. त्यात ‘युजर मॅनेजमेंट’मध्ये सब-युजर बघा. डिस्पॅचला, गोडाऊनला, कधी तर ट्रान्सपोर्टवाल्याच्या माणसालाही सब-युजर काढून दिलेला असतो. जो नको तो ‘फ्रीज’ करा. ‘रजिस्ट्रेशन’मध्ये ‘फॉर जीएसपी’ (जीएसपी म्हणजे बाहेरचं सॉफ्टवेअर पोर्टलला जोडून देणारी कंपनी) हा भाग सहसा कुणी उघडत नाही. पूर्वी एखादं बिलिंग सॉफ्टवेअर जोडलं असेल तर त्याचं युजरनेम-पासवर्ड तिथे अजून जिवंत असतं. सॉफ्टवेअर बंद केलंय ना, मग तेही बंद करा. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइस पोर्टलला सगळ्यांनाच पासवर्डबरोबर ओटीपी सक्तीचा झालाय. तो नोंदवलेल्या मोबाइलवर किंवा ‘संदेस’ आणि ‘एनआयसी-जीएसटी-शील्ड’ ॲपवर येतो. सब-युजरचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या नंबरवर जातो, म्हणून जुन्या माणसाचा सब-युजर नवीन माणसाला वापरायला देण्यात अर्थ नाही. नवा काढा.

आयकरात दोन गोष्टी. प्रोफाइलमध्ये कर सल्लागाराचा मोबाइल आणि मेल असेल तर तो बदलून फर्मचा टाका. सल्लागाराला राग यायचं कारण नाही, कामापुरता ओटीपी सांगता येतो. मग ‘ई-फायलिंग व्हॉल्ट हायर सिक्युरिटी’ चालू करा. त्यात लॉगिनसाठी वेगळं आणि पासवर्ड रिसेटसाठी वेगळं बंधन घालता येतं, उदाहरणार्थ रिसेट फक्त डिजिटल सहीने. नुसता पासवर्ड कळून मग भागत नाही.

पीएफच्या एम्प्लॉयर लॉगिनला जुन्या सिग्नेटरीचा मोबाइल असेल तर कोल्हापूरच्या पीएफ ऑफिसात लेटरहेडवर अर्ज द्या.

लोक हॅकिंगला घाबरतात, पण मला यातला मोठा धोका वेगळाच वाटतो. जीएसटीची नोटीस पोर्टलवर टाकली किंवा नोंदवलेल्या मेलवर पाठवली की कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे ती बजावली गेली असं धरतात. ते मेल कुणी उघडत नसेल तर उत्तराची मुदत निघून जाते आणि एकतर्फी आदेश होतो. तिथे ‘आमचा मेल जुना होता’ हे फार काळ टिकत नाही.

डिजिटल सहीचा यूएसबी टोकन कुठे आहे तेही बघा. पासवर्ड बहुतेक वेळा कंपनीने दिलेला मूळचाच असतो, किंवा टोकनला चिकटपट्टीने लावलेल्या चिठ्ठीवर. टोकन आणि चिठ्ठी एकाच ड्रॉवरमध्ये म्हणजे भागीदाराची सही करून ठेवलेला कोरा स्टॅम्प पेपर. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे ती की सांभाळायची जबाबदारी सही ज्याची त्याची आहे. टोकनचा पासवर्ड बदलताना सावकाश: ठरावीक वेळा चुकलं की टोकन लॉक होतो, आणि मग बहुधा फॉरमॅट करून नवी सही घ्यावी लागते. निवृत्त भागीदाराची सही अजून चालू असेल तर मुदत संपायची वाट बघू नका, ज्यांनी दिली त्यांच्याकडे रद्द करायला अर्ज करा.

---

नेटवर्क_गडी

लक्ष्मीपुरीवाल्या सायबांनी कागदाचं सांगितलं, मी पीसीचं सांगतो. ताई, अकाउंटंट बसत हुते त्या मशीनवर आधी जावा.

क्रोम उघडा, वरच्या कोपऱ्यातलं गोल चित्र दाबा आणि कुठलं जीमेल लागलंय ते बघा. त्यांचं घरचं, स्वतःचं जीमेल असंल आणि ‘सिंक’ चालू असंल, तर फर्मचे सगळे साठवलेले पासवर्ड त्यांच्या घरच्या क्रोमवर पण हायत. माणूस चांगला असू दे, पण त्यांच्या घरातल्या लॅपटॉपवर पोरं काय काय गेम उतरवत्यात ते तुमच्या हातात हाय का? पासवर्ड चोरणारे व्हायरस असल्याच फुकट गेम न् क्रॅक सॉफ्टवेअरमधून येत्यात आणि ब्राउझरमधलं साठवलेलं एकदम उचलून नेत्यात. ते प्रोफाइल इथून काढलं तरी त्यांच्या खात्यातली प्रत जात न्हाई. म्हणून त्या यादीतले पासवर्ड बदलायचेच. त्यांनाच फोन करून त्यांच्याकडचं पुसायला सांगा, वाईट वाटायचं काय काम न्हाई.

त्या पीसीला विंडोजचा पासवर्ड हाय का? नसंल तर क्रोममध्ये डोळ्याचं चिन्ह दाबलं की पासवर्ड सरळ दिसतोय, कोण विचारत न्हाई. पिन तरी लावा.

मग ॲनिडेस्क, म्हंजी लांबनं पीसी चालवायचं सॉफ्टवेअर. घरनं काम करायला म्हणून ‘अनअटेंडेड ॲक्सेस’चा पासवर्ड टाकलेला असतोय, आणि तो लॉकडाउनपासनं तसाच चालू असतोय. पीसी चालू म्हणजे दार उघडं. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीत जाऊन अनअटेंडेड बंद करा, लक्षात ठेवलेल्या जुन्या परवानग्या पण पुसा. टीमव्ह्यूअर असंल तर ते पण बघा. नको असलेलं सरळ अनइन्स्टॉल.

व्हॉट्सॲपला ‘लिंक्ड डिव्हायसेस’ बघा. ऑफिसच्या नंबरचं व्हॉट्सॲप जुन्या पीसीवर चालू राहिलेलं असतंय. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन पण लावून टाका.

डीव्हीआर: ज्यानं कॅमेरे बसवले त्यानं आपल्याच ॲप खात्याला डीव्हीआर जोडलेला असतोय आणि तुमाला नुसता शेअर दिलेला असतोय. मालकी त्याच्याकडं. त्याला सांगून ‘अनबाइंड’ करून घ्या आणि फर्मच्या खात्याला जोडा. ॲडमिनचा पासवर्ड बदला, मालकांना मोबाइलवर बघायला वेगळा साधा युजर काढा. राउटरमध्ये डीव्हीआरसाठी पोर्ट, म्हंजी बाहेरनं आत यायची वाट, उघडून ठेवलं असंल तर बंद करा. २०१६ ला ‘मिराई’ नावाचा व्हायरस आलता, त्यानं दुसरं काय केलं न्हाई, कंपनीचेच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे न् डीव्हीआर हुडकून हुडकून ताब्यात घेतले.

राउटरला दोन पासवर्ड असत्यात. वायफायचा सगळे बदलत्यात, ॲडमिन पानाचा कोण बदलत न्हाई. दोन्ही बदला, डब्ल्यूपीएस (बटण नाहीतर पिननं वायफाय जोडायची सोय) बंद, बाहेरनं मॅनेज करायचा पर्याय बंद. पण घाईनं रिसेटचं भोक दाबू नका. त्यात नेटवाल्याचं पीपीपीओई युजरनेम-पासवर्ड असतंय, ते उडालं की त्यो येईस्तवर नेट न्हाई. आधी लिहून घ्या.

---

उद्यमनगर_ऑफिस

बापरे. क्रोमला खरंच त्यांचंच जीमेल लागलेलं होतं, सिंकसकट. बरं झालं सांगितलंत.

दोन गोष्टी अजून. ज्या पासवर्डमध्ये फक्त वर्ष बदलत गेलंय, तो प्रकार खरंच वाईट आहे का? मोठं अक्षर, आकडा, ॲटचं चिन्ह सगळं आहे त्यात. आणि ऑडिटवाल्यांचं तीन महिन्यांचं काय?

---

हॅश_आणि_मीठ

वाईट आहे. तुमचा नेमका पासवर्ड विचारत नाही, पण कोल्हापुरातल्या निम्म्या ऑफिसांत काय असतं ते सांगतो: देवाचं नाव नाहीतर गावाचं नाव, पहिलं अक्षर मोठं, मग ॲट, मग वर्ष. वर्ष नसेल तर १२३, ०२३१, गाडीचा एमएच ०९ वाला नंबर किंवा शिरोलीचा पिनकोड. पोर्टलच्या सगळ्या अटी यात पूर्ण होतात, फोडायला मात्र सोपा. पासवर्ड फोडणारी सॉफ्टवेअर अक्षर अक्षर जुळवत बसत नाहीत. त्यांच्याकडे शब्दांच्या याद्या असतात आणि ‘पहिलं अक्षर मोठं कर, शेवटी चिन्ह आणि चार आकडे लाव’ असे तयार नियम असतात.

जुना पासवर्ड मुळात बाहेर कसा जातो? बहुतेक वेळा तुमच्याकडून नाही, तर तुम्ही कधीतरी नाव नोंदवलेल्या साइटकडून. लिंक्डइन २०१२, अडोबी २०१३, झोमॅटो २०१७, बिगबास्केट २०२०, या सगळ्यांचा डेटा फुटलेला आहे. त्यातला मेल आणि पासवर्ड घेऊन यंत्र दुसऱ्या शंभर साइटवर तीच जोडी लावून बघतं. २०१९ चा पासवर्ड फुटला असेल तर २०२०, २०२१ पासून चालू वर्षापर्यंत लावून बघणं हे पुढचं पाऊल, त्याला क्षणही लागत नाही. म्हणजे तुमच्या डायरीतली एक ओळ फुटली की पुढची सगळी पानं फुटली.

आपला मेल कुठल्या फुटलेल्या डेटात आहे हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर बघता येतं. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये ती सुरू केली. तिथे पासवर्ड तपासायचाही भाग आहे. तपासताना पूर्ण पासवर्ड पाठवला जात नाही, त्याच्या हॅशची (पासवर्डपासून गणिताने काढलेल्या अक्षरमाळेची) पहिली पाच अक्षरं जातात आणि उरलेली जुळणी तुमच्या ब्राउझरमध्येच होते. तरीही माझा सल्ला असा की आज वापरात असलेला बँकेचा पासवर्ड कुठल्याच साइटवर तपासायला टाकू नका. तो तसाही बदलायचाच आहे.

आता तीन महिन्यांचं. ही जुनी पद्धत आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं. फुटल्याचा संशय असेल तेव्हा बदला. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये विंडोजच्या सुरक्षा शिफारशींतून मुदतीची अट काढली. कारण तुमच्या डायरीतच आहे: सक्तीने बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा बदलतो.

---

ऑडिट_राजारामपुरी

हॅशराव, तत्त्व मान्य, पण सरसकट सांगू नका. काही बँकांची आणि पोर्टलांची मुदत सक्तीची आहे, तिथे बदलावाच लागतो. आणि जिथे एक लॉगिन चार जण वापरतात तिथे मुदत नसेल तर गेलेल्या माणसाकडे तो कायमचा राहतो. आम्ही तीन महिने म्हणतो ते त्यासाठी.

---

हॅश_आणि_मीठ

मग मुदत घालण्यापेक्षा माणूस गेला त्या दिवशी बदला. तीन महिन्यांचा नियम धरला तर गेलेल्या माणसाकडे ८९ दिवस चालू पासवर्ड राहू शकतो. जिथे वेगळे युजर काढता येतात तिथे एक लॉगिन चार जणांनी वापरायचंच नाही.

न वापरलेल्या खात्यांबद्दल ताईंनी विचारलं होतं, त्याचं उत्तर इथेच देतो. २०२१ मध्ये अमेरिकेत कलोनियल पाइपलाइन या इंधन कंपनीचं काम ठप्प झालं. हल्लेखोर आत शिरले ते एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची सोय) खात्यातून. खातं कुणी वापरत नव्हतं पण बंदही केलेलं नव्हतं, ओटीपीसारखी दुसरी पायरी नव्हती, आणि त्याचा पासवर्ड फुटलेल्या डेटात होता. कंपनीने ७५ बिटकॉइन खंडणी भरली. म्हणून वापरत नाही ते बंद करा. बंद करता येत नसेल तर लांबलचक, कुठेच न वापरलेला पासवर्ड टाका, आतला पत्ता, पॅन, बँक तपशील काढून टाका आणि मग सोडा.

---

ऑडिट_राजारामपुरी

माणूस गेला त्या दिवशी बदला, हे मान्य. राजीनाम्याच्या कागदपत्रांतच ती यादी जोडायला सांगतो यापुढे.

एक राहिलं: बदलला म्हणून जुना पासवर्ड लगेच खोडू नका. टॅलीव्हॉल्ट, म्हणजे टॅलीतला डेटा कुलूपबंद करायची सोय, लावलेल्या कंपनीचा जुना बॅकअप त्या वेळच्या पासवर्डनेच उघडतो, आणि टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड विसरला तर तो परत मिळत नाही. जुन्या झिप, पासवर्ड लावलेल्या पीडीएफ, एक्सेल यांचंही तेच. तुमचे २०१८ चे हिशेब एखाद्या केसमध्ये लागले आणि बॅकअप उघडलाच नाही तर काय करणार? आधी प्रत्येक जुना बॅकअप एकदा उघडून बघा, कुठला पासवर्ड लागतो ते त्या पेनड्राइव्हच्या नोंदीपुढे लिहा, मगच डायरीची विल्हेवाट.

---

कुलूपकिल्ली

आता लिहायचं कुठे ते. एक्सेलला ‘प्रोटेक्ट शीट’ करून काही होत नाही, ते नुसतं बदल रोखतं. ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ केलेली नवी एक्सेल फाइल बरी, पण रोज उघडून कॉपी-पेस्ट करायला गैरसोयीची. पासवर्ड मॅनेजर घ्या, म्हणजे सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डमागे साठवणारं सॉफ्टवेअर. एकाच पीसीवर काम असेल तर कीपास, त्याची एक फाइल असते आणि ती तुमच्याच मशीनवर राहते. दोन-तीन जणांना मोबाइलसकट लागत असेल तर बिटवॉर्डन. कीपासची फाइल दोघांनी एकाच वेळी उघडून सेव्ह केली तर एकाचे बदल जाऊ शकतात, हे लक्षात असू द्या.

क्रोममधले पासवर्ड त्यात नेताना सीएसव्ही फाइल बाहेर काढावी लागते. ती उघडी असते, नोटपॅडमध्ये सगळं वाचता येतं. आयात झाली की ती डिलीट करा, रिसायकल बिनही रिकामी करा. ‘डाउनलोड्स’मध्ये ती वर्षानुवर्षं पडलेली सापडते. नंतर क्रोमची ‘सेव्ह पासवर्ड’ची सोय बंद करा, नाहीतर दोन याद्या परत सुरू.

मुख्य पासवर्ड एकच पाठ करायचा, तो शब्दांचा करा. फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून सहा शब्द घेतले तर जवळपास ७७ बिटांची ताकद येते, म्हणजे अंदाजाने फोडणं जवळपास अशक्य. शब्द फाशाने निवडायचे, मनाने नाही. मनाने निवडले की रंकाळा, पन्हाळा, मिसळ हेच येतात.

हा मुख्य पासवर्ड आणि गुगलचे बॅकअप कोड कागदावर लिहून सीलबंद पाकिटात ठेवा, पाकिटावर दोन भागीदारांच्या सह्या आडव्या. एक पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरं दुसऱ्या भागीदाराच्या घरी, आणि तळमजल्यावर नको. २०१९ आणि २०२१ ला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीत पाणी कुठवर आलं होतं ते आठवा. पाकीट प्लॅस्टिकमध्ये घाला आणि पेन्सिलने लिहा, जेल पेनची शाई पाण्यात पसरते.

---

कर_सल्ला_लक्ष्मीपुरी

नेट बँकिंगचा विषय कुणी घेतला नाही म्हणून सांगतो. तिथे पासवर्ड बदलून जुनाच युजर पुढे चालवू नका. शाखेत सगळ्या भागीदारांच्या सह्यांचं पत्र देऊन जुन्या माणसाचा युजर आयडी बंद करायला सांगा आणि तुमचा नवा काढा. बँक देत असेल तर एकाने भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं अशी दोन युजरची रचना घ्या. एसएमएस अलर्टचा नंबर त्याच पत्रात बदला.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक निघालं, सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरात वेगळं निघालं. त्यानुसार चूक ना बँकेची ना तुमची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर बोजा नाही. पण पासवर्ड दुसऱ्याला दिला म्हणून पैसे गेले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणजे अकाउंटंटच्या डायरीत नेट बँकिंगचा पासवर्ड असणं हाच तुमच्याविरुद्धचा मुद्दा होतो. शाखेला दिलेल्या पत्रावर पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासकट. काही गडबड दिसलीच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग बँकेला लेखी, आणि दोन्हीकडचा तक्रार क्रमांक लिहून ठेवा.